भिंतीवरची तारीख

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लोहाऱ्याचे वडिलोपार्जित घर विकायला काढले. काढले खरे, पण घेणारा कोणी येत नव्हता. गाव तालुक्याचे असले तरी शिकलेली मुले सोलापूर, लातूर, पुण्याकडे जातात. मागे राहतात त्यांना रस्त्यालगतचा मोकळा प्लॉट हवा असतो. दगडमातीच्या भिंतींचे, पाच खणांचे माळवदाचे घर कोणाला हवे? चार महिन्यांत तिघे आले आणि ढाळजेतूनच वर पाहून परत फिरले. अखेर दलालाने आम्हांला समजावले, "सर, घर दाखवायचं म्हंजी पोरगी दाखवायसारखंच असतंय. जरा नटवावं लागतंय."

उपमा आम्हांला आवडली नाही. तिच्यातला व्यवहार मात्र कळला. घर विकण्यापूर्वी ते नटवण्याचा अमेरिकेत स्वतंत्र व्यवसायच आहे. त्याचे श्रेय १९७० च्या दशकात सिएटल परिसरात घरविक्री करणाऱ्या बार्ब श्वार्झ यांना दिले जाते, आणि त्याला दिलेले नाव आहे 'स्टेजिंग'. शब्द थेट रंगभूमीचा. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' शिकवले. रंगमंचावरचा वाडा प्लायवुडचा असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तरीही तो त्या वाड्यावर विश्वास ठेवतो. नाटकाची प्रामाणिकता या उघड करारात आहे. नटवलेल्या घरात असा करार नसतो. तेथे प्रेक्षकाने खरोखरच फसावे अशी अपेक्षा असते.

तरीही आम्ही कामाला लागलो. आईची उतरंड माळ्यावर गेली, वडिलांची बाज शेजाऱ्यांकडे. जुनी कॅलेंडरे उतरली. चौकटीवर भावंडांच्या उंचीच्या रेघा होत्या, त्यांवर ऑइलपेंट चढला. गिऱ्हाइकाला घर आपले वाटावे म्हणून ते आधी आपल्याला परके करावे लागते, हे तेव्हा उमगले. वाईट वाटले, पण यात कोणाची फसवणूक नव्हती. आठवणी आमच्या होत्या. त्या पुसण्याचा अधिकारही आमचाच होता.

अडचण आली ती मधल्या खोलीत. फडताळ हलवले तेव्हा मागची भिंत उघडी पडली. तिच्यावर कोपऱ्यातून तिरका उतरलेला हातभर लांबीचा तडा होता.

तो ३० सप्टेंबर १९९३ चा. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी आणि आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले. या भागात हजारो माणसे गेली. माणसे मुख्यतः घरांखाली मेली. दगडाच्या दोन पाखी, मध्ये मातीचा भराव, दोन्ही पाखी जखडणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदाचा टनावारी भार! ज्या जाड भिंतींनी उन्हाळे सोसले, त्यांनीच घात केला. नंतर कित्येक वर्षे इकडची माणसे दगडी घर असूनही पत्र्याखाली निजत.

रंगारी म्हणाला, पुट्टी भरली की काही दिसणार नाही. आमच्या धाकट्या बंधूंनी मान हलवली. आम्ही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम काढले: विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. बंधू शांतपणे म्हणाले, "दादा, तुम्हाला पेन्शन आहे. माझ्या पोरीची फी जूनमध्ये भरायचीय." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रामाणिकपणा परवडायलाही हाती काही असावे लागते.

रंगाऱ्याने तडा खरवडायला घेतला तेव्हा धुळीखालून तड्यावर आडवी ओढलेली सिमेंटची पट्टी निघाली. तिच्यावर खिळ्याने कोरलेले आकडे होते: १७-१०-९३. अक्षर वडिलांचे. भिंत पुढे सरकली तर पट्टी फुटेल, या हिशेबाने त्यांनी ती मारली असणार. पट्टी अखंड होती. तीस वर्षांहून अधिक काळ तो तडा जागचा हलला नव्हता, आणि याचा एकमेव पुरावा आम्ही पुट्टीखाली गाडायला निघालो होतो. बंधू पट्टीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग रंगाऱ्याला म्हणाले, "एवढी भिंत सोडा."

पुढे आलेल्या प्रत्येकाला आम्ही ती भिंत आधी दाखवली. दोघे पुन्हा आले नाहीत. तिसरे गृहस्थ शिक्षक होते. त्यांनी तारखेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, पट्टी फुटली नाही हे खरं, पण पुढच्या धक्क्याचं ती काही सांगत नाही. ही भिंत उतरवून आरपार दगड घालून बांधावी लागेल." त्यांचे बरोबर होते. तो खर्च त्यांनी किमतीतून वजा केला आणि आम्ही मान्य केले.

वाटण्या सारख्या झाल्या. झळ धाकट्या बंधूंना अधिक लागली. त्याविषयी ते अद्याप एक शब्दही बोललेले नाहीत. भिंत उतरवली त्या दिवशी ते एकटेच लोहाऱ्याला गेले होते. पट्टीचा तुकडा आता त्यांच्याकडे आहे.