दिगूकडे बघ!

राजकारणावर लिहून माझं घर चालतं. या विषयाची मुळाक्षरं गिरवून घेतली ती थोरल्या मामानं. मामा मंत्रालयात लघुलेखक. साहेबलोकांची डिक्टेशनं घेण्यात हयात गेली, पण घरी कुणाच्या फायलीबद्दल चकार शब्द नाही. अपवाद फक्त जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'चा. तो दूरदर्शनवर लागला की मामाची जीभ सैल सुटायची.

मी खुर्चीवर टपलेल्या अर्थमंत्र्याकडे, म्हणजे श्रीराम लागूंच्या दाभाडेकडे, आणि अरुण सरनाईकांच्या मुख्यमंत्र्याकडे बघत राहायचो. मामा गुडघ्यावर चापट मारायचा. "बोलणाऱ्याकडे काय बघतोस? दिगूकडे बघ!" निळू फुल्यांचा दिगू टिपणीस, वार्ताहर. समोरचा थापा मारतोय हे पक्कं ठाऊक, तरी चेहरा ढिम्म. सगळं ऐकून घेणारा हा माणूस शेवटी वेडा होऊन हसत सुटतो. पुढे पत्रकार परिषदांत मी तेच करू लागलो. मंत्र्यानं आकडा फेकला की मागे उभ्या पीएकडे बघायचं. त्यानं मान खाली घातली, की बातमी तिथं. या एका खोडीवर मी बरंच कमावलंय.

सिनेमा १९७९चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, पटकथा तेंडुलकरांची. मामाला त्यातली खरी गंमत पडद्याबाहेर दिसायची. वर्षभरापूर्वी वसंतदादांचं सरकार पाडून मुख्यमंत्री झालेल्या शरद पवारांनीच या खुर्चीच्या कटाला मंत्रालयात शूटिंगची परवानगी दिली! "याला म्हणतात दिलदारी," असं म्हणून तो डोळे मिचकवायचा.

जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार फोडून गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसले आणि मित्रांचे फोन सुरू झाले, 'आता सिंहासन अगदीच मिळमिळीत वाटतो रे.' सिनेमातला मुख्यमंत्रीही शिंदेच, यावर कोट्या झाल्या त्या वेगळ्याच. मला ते पटलं नाही. सिनेमा सुरू होतो एका निनावी फोननं, आणि तो कुणाचा या धास्तीनं मुख्यमंत्र्याची झोप उडते. गुवाहाटीहून आमदार शहाजीबापू पाटलांनी कार्यकर्त्याला केलेला फोन मात्र गावभर झाला. 'काय झाडी, काय डोंगार'वर डीजे वाजले, वरातीत लोक नाचले.

फुटणं असं चव्हाट्यावर येण्यात कायद्याचाही हात आहे. दाभाडेच्या काळी एकेक आमदार गुपचूप गळाला लावता यायचा. १९८५च्या पक्षांतरबंदीनं एकट्यादुकट्याचं फुटणं अवघड केलं. मग ठोक भाव आला. आधी एक तृतीयांश, २००३नंतर दोन तृतीयांश. एवढी माणसं मोजून एका छपराखाली ठेवायची, तर हॉटेल लागणारच.

मामा हे बघायला राहिला नाही. त्याचं देणं मी भाचीकडे फेडतो. परवा तिला 'सिंहासन' दाखवायला बसवलं. अर्ध्या तासानं तिनं थांबवून विचारलं, "मामा, ही माणसं एवढं दबक्या आवाजात का बोलतायत?"

"लोकांना कळलं तर छी-थू होईल म्हणून."

"मग?" ती म्हणाली.