पावतीवरचे एक आण्याचे तिकीट

जुन्या पावतीवरचे महसुली तिकीट ओळखताना आधी कागद, मग वॉटरमार्क, मग छपाईची रीत आणि सर्वांत शेवटी रंग पाहावा. नवखा माणूस नेमका रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. उन्हाने, ओलीने आणि वरच्या सहीच्या शाईने रंग बदलतो. वॉटरमार्क बदलत नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हे तिकीट माणसाची आयुष्यभर सोबत करत असे. १८९९च्या मुद्रांक कायद्याने वीस रुपयांपुढच्या पावतीला एक आणा ठरवला होता. कापसाच्या गाड्या विकल्या, सावकाराचा हप्ता फेडला, शाळेतला पहिला पगार घेतला, घरभाडे दिले, पेन्शन उचलली, की पावतीवर तिकीट लागे आणि त्यावर आडवी सही होई. माणूस गेल्यावर त्याच्या वारसांनी घेतलेल्या रकमेच्या पावतीवरही तेच. घरातली पावत्यांची तार क्रमाने उतरवली, तर त्यात एका कुटुंबाचा व्यवहार दिसतो आणि सरकारी छपाईचा इतिहासही.

१९०६मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच वर्षी अर्ध्या व एक आण्याची टपाल तिकिटे महसुलालाही चालू लागली. त्यांच्यावर दोन्ही कामांचा उल्लेख छापला जाई. म्हणून त्या काळच्या पावत्यांवर टपालाचीच तिकिटे सापडतात, आणि ती चुकीने लावलेली नाहीत.

यांतले सर्वांत शिकवणारे तिकीट म्हणजे पंचम जॉर्जचे चॉकलेटी रंगाचे एक आणा. १९२२मध्ये तांबड्याऐवजी हा रंग आला, तेव्हा छपाई लंडनच्या डी ला रू कंपनीत होत असे. १९२६पासून हेच तिकीट नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जाऊ लागले. चित्र तेच, रंग तोच. फरक कागदात आहे: लंडनच्या कागदात दर तिकिटामागे एकच मोठा तारा, तर नाशिकच्या कागदात लहान तारे सर्वभर विखुरलेले. पावती दिव्यासमोर धरली तर बहुतेक वेळा हे दिसते. चोपडीचा कागद जाड असेल तर दिसत नाही. मग तारखेचा आधार घ्यावा. १९२६च्या आधीची तारीख असेल तर तिकीट लंडनचेच. नंतरची असेल तर दोन्ही शक्य, कारण जुना साठा लगेच संपत नसे.

छपाईची रीत भिंगाने कळते. उठावाच्या ठशाने छापताना शाई दाबली जाऊन रेषेच्या कडेला सरकते; त्यामुळे कड गडद दिसते आणि कधी कधी मागच्या बाजूला दाब उमटतो. लिथो सपाट असते, मागे काहीच जाणवत नाही. सहाव्या जॉर्जच्या दीड आणा आणि तीन आणा या टपाल तिकिटांवर हा सराव उत्तम होतो. १९४०नंतर ती आधी लिथोने आणि पुढे उठावाच्या ठशाने छापली गेली, आणि आधीची लिथोची छपाई अधिक नाजूक आहे. नाशिकने १९५२मध्ये संतकवींच्या तिकिटांपासून फोटोग्रॅव्हूर आणले. त्यात सारे चित्र बारीक जाळीत विरघळलेले दिसते, सलग रेषा सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर वॉटरमार्कमध्ये ताऱ्यांच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. नाणी १ एप्रिल १९५७ला दशमान झाली. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४पासून गेला, म्हणून तिकिटावरचे ‘नये पैसे’ काळाची एक हद्द आखून देतात. २००४पासून पाच हजारांपुढच्या पावतीला एक रुपयाचे तिकीट लागते.

या सगळ्यात पावतीवरच्या तारखेचे मोल सर्वांत मोठे आहे. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर सही व तारीख घालून ते रद्द करावे, असे मुद्रांक कायद्याचे बारावे कलम सांगते. त्यामुळे एरवी मुका असणारा छपाईचा प्रकार कोणत्या दिवशी, कोणत्या गावी वापरात होता हे नक्की कळते. अल्बमसाठी तिकीट पाण्यात भिजवून सोडवले, की गाव, रक्कम, माल आणि अनेकदा तारीखही जाते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या अखेरच्या वर्षांत जिथे जुन्या कागदांचे काम केले, त्या धुळ्यात तरी हे होऊ नये. खानदेशातल्या ज्या घरांत जुन्या पावत्या आहेत, त्यांनी त्या तिकिटासकट, अखंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात.