नाव एकदाच विचारावं

सॉफ्टवेअरच्या नव्या प्रकल्पाची सुरुवात हल्ली कोऱ्या फोल्डरपासून कोणी करत नाही. फायलींची रचना, सेटिंग, चाचण्यांची जागा हे सगळं टेम्प्लेटमध्ये मांडून ठेवलेलं असतं. ते चालवलं की दोन-चार प्रश्न विचारतं आणि प्रकल्प उभा करून देतं. त्यातला पहिला प्रश्न नेहमी नावाचा असतो. मी थळला राहून किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी छोटी सॉफ्टवेअर लिहितो: डिझेलच्या परताव्याचा हिशोब, बर्फाची उधारी, सभासदांचे शेअर. सोसायटी बदलली तरी बहुतेक काम तेच राहतं, नाव तेवढं बदलतं. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये नाव कसं विचारायचं आणि पुढे कुठे कुठे कसं न्यायचं, यावर मी जितका विचार करतो तितका बाकी कशावरच करत नाही.

कारण एकच नाव अनेक ठिकाणी जातं आणि प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा. पायथनच्या पॅकेजला हायफन चालत नाही. डॉकरच्या इमेजला कॅपिटल अक्षर चालत नाही. कुबरनेटीसला हायफन हवा, अंडरस्कोर नको. जावाचं पॅकेज डोमेन उलटं लिहून सुरू होतं. हे सगळे अवतार माणसाकडून वेगवेगळे टाइप करून घेतले, तर एकात एखादं अक्षर इकडचं तिकडे होतंच. म्हणून नाव एकदा विचारायचं आणि बाकीची रूपं त्यावरून काढायची.

कुकीकटर या टेम्प्लेटच्या साधनात याची सोय फार छान आहे. आधी प्रकल्पाचं नाव विचारायचं. पुढचा प्रश्न स्लगचा, म्हणजे कोडमध्ये वापरायच्या छोट्या नावाचा. त्याचं डिफॉल्ट उत्तर म्हणून एक सूत्र लिहून ठेवायचं: आधीचं नाव घे, लहान लिपीत कर, मोकळ्या जागी अंडरस्कोर टाक. वापरणाऱ्याला तयार उत्तर समोर दिसतं. पटलं तर एंटर, नाही पटलं तर स्वतःचं लिहावं. टेम्प्लेटने सुचवावं, लादू नये, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोठं सौजन्य आहे.

डॉटनेटची रीत निराळी. तिथे एक खराखुरा, चालणारा प्रकल्पच टेम्प्लेट म्हणून ठेवायचा आणि त्याचं नाव ‘सोर्सनेम’ म्हणून नोंदवायचं. नवा प्रकल्प काढताना तो शब्द मजकुरात आणि फायलींच्या नावांत जिथे सापडेल तिथे बदलला जातो. इथे शब्दाची निवड जपून करावी लागते. ‘ॲप’सारखा शब्द घेतला तर भलत्याच ओळीही बदलतात. थळ रोमनमध्ये लिहिलं तरी धोका आहे, कारण ती चार अक्षरं ‘लीथल’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात जशीच्या तशी बसली आहेत. मी खांदेरी घेतो. आमच्या समोरच्या किल्ल्याचं नाव कुठल्या लायब्ररीच्या कोडमध्ये आडवं येत नाही.

पण खरी परीक्षा देवनागरीत आहे, आणि तिथे बहुतेक टेम्प्लेटं नापास होतात. नाव वैध आहे का हे तपासायला पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात, त्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’. या तपासणीत ‘थळ’ सहज पास होतं. थ आणि ळ ही दोन निव्वळ अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. ‘खांदेरी’ मात्र अडकतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना ही खूण अक्षर मानत नाही. नाव ‘स्वच्छ’ करण्यासाठी नको ती चिन्हं काढून टाकणारी ओळ त्याच खुणेवर लिहिली असेल, तर खांदेरीचं ‘खदर’ होतं आणि कुठेही चूक म्हणून नोंद होत नाही. गंमत म्हणजे पायथन भाषेला स्वतःला या नावाचं वावडं नाही. 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून खांदेरी हे व्हेरिएबलचं नाव म्हणूनही चालतं. भाषेचाच ‘इझ-आयडेंटिफायर’ हा प्रश्न विचारला की ती बरोबर उत्तर देते. तपासायचं असेल तर तो वापरावा.

दुसरी अडचण लांबीची. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलाच्या किंवा डेटाबेसच्या नावाला 63 बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. ‘मच्छीमार’ हा एकच शब्द 24 बाइट खातो. ‘मच्छीमार सहकारी संस्था मर्यादित’ हे शेपूट 87 बाइटचं होतं, त्यात गावाचं नाव अजून आलेलंच नाही. डेटाबेस अशा वेळी थांबत नाही, एक सूचना देतो आणि उरलेलं नाव छाटून टाकतो.

यावर यंत्राकडून लिप्यंतर करून घ्यावं असं कोणी सुचवतं. कुकीकटरमध्ये तशी सोय आहेही. पण त्या लिप्यंतरात व्यंजनातला अ गळून पडतो, नमस्तेचं ‘एनएमएसटीई’ होतं. शिवाय रोमन स्पेलिंग ठरवणारे आपण कोण? जुन्या इंग्रजी कागदांत थळ दोन एल लावून, यू घालून लिहिलेलं आढळतं, आणि त्याच स्पेलिंगने कसाऱ्याचा थळ घाटही येतो. अलिबागच्या शेवटी कोणी ए-जी लिहितो, कोणी ए-यू-जी. म्हणून रोमन छोटं नाव मी वेगळं विचारतो आणि सोसायटी शिक्क्यावर जसं लिहिते तसंच घेतो.

म्हणजे प्रश्न दोन झाले. पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. एका सोसायटीचे सचिव मला म्हणाले होते, “पाटीवर आहे तसंच पावतीवर यायला पाहिजे.” त्यांचं बरोबर होतं. आमच्या कोळीवाड्यात होड्यांवर हेच दिसतं: देवाचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत, नोंदणीचा क्रमांक वेगळा. एकाच देवीच्या नावाच्या होड्या कितीही असोत, क्रमांकामुळे घोळ होत नाही.

नावं बदलतातही. आमचा जिल्हा 1981 मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, लोकसभेचा मतदारसंघ मात्र 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत कुलाबाच होता. खांदेरीचं नाव 1998 मध्ये कान्होजी आंग्रे बेट ठेवलं गेलं. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या किल्ल्यांसोबत आला तो खांदेरी किल्ला. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही तर अलीकडचीच उदाहरणं. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याचं नावच ओळख म्हणून वापरलेलं होतं, त्यांना किती ठिकाणी हात घालावा लागला असेल याची कल्पना करा. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत गावाला आणि जिल्ह्याला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. टेम्प्लेटमध्ये मी तोही विचारतो. नाव उद्या बदललं तर एका फायलीतली एक ओळ बदलावी लागते.

आणि नाव चालणार नसेल तर ते फायली तयार होण्याआधीच सांगावं. कुकीकटरमध्ये त्यासाठी आधी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. ‘अवैध नाव’ एवढंच खेकसू नये. कुठलं चिन्ह नको, का नको, त्याऐवजी काय चालेल, हे मराठीत लिहावं. टेम्प्लेट चालवणारा बहुतेक वेळा नवखा असतो, आणि त्याची कामाशी पहिली ओळख याच संदेशातून होते.

टेम्प्लेट बनवणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती: तुमच्या चाचण्यांत ‘डेमो’ आणि ‘टेस्ट’ यांच्या शेजारी एक काना-मात्रा असलेलं मराठी नाव आजच घाला. थळ घालून भागणार नाही, खांदेरी घाला.