आईच्या पावतीवरचं दुसरं नाव

‘कर वाचवण्याचे सोपे मार्ग’ असा काहीतरी लेख द्या, असं संपादकांनी सुचवलं होतं. मी नको म्हटलं. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची टॅक्स रिटर्न भरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एखाद्याने चार पैसे जास्त कर भरला म्हणून घर हादरलेलं मी पाहिलेलं नाही. भारतातली खाती कळवायची राहिली म्हणून मात्र पाहिलं आहे.

यंदा मार्चमध्ये एडिसनचे एक गृहस्थ आले. आयटीतली नोकरी, ग्रीन कार्ड होऊन बराच काळ लोटलेला. आई डोंबिवलीला गेल्या वर्षी वारली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी मुदत ठेवींच्या पावत्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर आधी आईचं नाव, मग यांचं, आणि खाली ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. घरोघरी असतं तसंच. पैसे वडिलांच्या पेन्शनीतून साठलेले. दरवर्षी एप्रिलमध्ये आई बँकेत जाऊन पंधरा-एच फॉर्म भरत असे. “ताई, हे सगळं आईचं. मी यातला रुपया उचललेला नाही. माझा काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो कुणी समजावून सांगत नाही याची मला चीड येते. खातं कळवणं वेगळं आणि त्यावर कर भरणं वेगळं. १९७० च्या बँक सीक्रसी अ‍ॅक्टमुळे एफबार नावाचा अहवाल द्यावा लागतो. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी प्रत्येक खातं त्यात दाखवायचं. संयुक्त खातं असेल तर निम्मी नाही, पूर्ण रक्कम. नागरिकांनी दाखवायचं, ग्रीन कार्डवाल्यांनी दाखवायचं, आणि एच-वन व्हिसावर असूनही दिवसांच्या हिशोबाने करदृष्ट्या रहिवासी ठरलेल्यांनीसुद्धा. (यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली की ठरलात रहिवासी. यंदाचे किमान ३१ दिवस मात्र हवेत.) या अहवालावर कर शून्य. आईच्या पैशांवरचं व्याज आईचंच. मुलाने त्यावर कर भरायचा नव्हता. फक्त खातं सांगायचं होतं.

कराचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या खात्यांवर आला. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज त्यांनी कधीच दाखवलं नव्हतं, कारण बँकेने ‘करमुक्त’ सांगितलेलं. ते भारतात करमुक्त आहे. अमेरिका आपल्या रहिवाशाच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर घेते, आणि तिच्या लेखी ते साधं व्याज आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहून सुशिक्षित माणसं याच्या उलट छातीठोकपणे सांगतात तेव्हा माझा घास अडकतो.

आणि मग निघाली म्युच्युअल फंडातली एसआयपी. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण या विषयावर मला राग आहे. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने भारतातला म्युच्युअल फंड म्हणजे ‘पीफिक’ (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी). हे कलम १९८६ च्या करसुधारणेतलं. परदेशी फंडांत पैसे ठेवून कर पुढे ढकलत राहणाऱ्या श्रीमंत अमेरिकनांना आळा घालायचा होता. त्या वर्षी भारतात म्युच्युअल फंड म्हणजे एकटं युनिट ट्रस्ट! आज त्या जाळ्यात दरमहा पाच हजार घालणारा नोकरदार सापडतो. युनिट विकून झालेला नफा जितकी वर्षं ते ठेवले तितक्या वर्षांवर वाटायचा, मागच्या प्रत्येक वर्षाच्या हिश्श्याला त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर लावायचा, वर त्या कराचं व्याज. एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची खरेदी वेगळी, म्हणून हिशोबही वेगळा. आणि प्रत्येक फंडाला स्वतंत्र ८६२१ फॉर्म. छोट्या रकमांना सूट आहे, पण वर्षअखेरीला सगळ्या फंडांची मिळून किंमत २५,००० डॉलरच्या आत, नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला ५०,००० च्या आत असेल आणि त्या वर्षी विक्री झाली नसेल, तरच. तेच पैसे एखाद्या कारखानदार कंपनीच्या शेअरमध्ये असते तर यातलं बहुधा काहीच लागलं नसतं. कायदा पाळलाच पाहिजे, पण हा कायदा अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

या गृहस्थांसाठी अमेरिकी करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजनेचा मार्ग घेतला: तीन वर्षांची सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि स्वतःच्या न कळवलेल्या परदेशी आर्थिक मालमत्तेवर पाच टक्के दंड. त्यात चूक जाणूनबुजून केली नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. खरं सांगायचं तर तिथे मी अजून अडखळते. रिटर्नच्या शेड्यूल बीमध्ये प्रश्न सरळ आहे: परदेशात तुमचं खातं आहे का? दरवर्षी ‘नाही’ वर खूण झालेली. आधीच्या टॅक्सवाल्याने विचारलं नाही, यांनी सही करताना वाचलं नाही. न वाचणं हे अजाणतेपण की बेफिकिरी? बेफिकिरीही न्यायालयं ‘जाणूनबुजून’ मध्ये धरू शकतात. त्यांचं निवेदन मी पुन्हा पुन्हा वाचलं. माणूस खरं बोलतोय अशी खात्री पटली, तेव्हाच ते पाठवू दिलं.

दंडाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते बरंचसं जुनं आहे. अजाणता चुकीचा दंड प्रत्येक खात्यामागे की प्रत्येक अहवालामागे, हा वाद बिटनर खटल्यात २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोडवला: प्रत्येक अहवालामागे. बिटनर यांचा दंड २७ लाख डॉलरवरून ५०,००० वर आला. सगळं उत्पन्न दाखवलं असेल, फक्त एफबार राहिला असेल आणि आयआरएसचं पत्र आलं नसेल, तर कारण लिहून उशिरा भरल्यावर सहसा दंड होत नाही. म्हणजे घाबरून गप्प बसण्यात काहीच शहाणपण नाही.

या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा आई-वडिलांना विचारा, कोणकोणत्या पावत्यांवर आणि पासबुकांवर माझं नाव आहे? प्रत्येक खात्याची १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमधली सर्वांत मोठी शिल्लक लिहून घ्या. भारताचं मार्चअखेरचं वर्ष इथे चालत नाही. ती यादी तुमची रिटर्न भरणाऱ्याच्या हातात द्या, त्याने मागितली नाही तरी.