सर, मला चढाया किती भेटतेल?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं झालं, मग सोयाबीनची काढणी आली आणि ब्लॉगाकडे फिरकायला जमलंच नाही. मागच्या लेखावर पुण्याच्या ताईंनी "मास्तर, अमेरिकेच्या मुक्कामाबद्दल लिहा की" असं सुचवलं होतं. लिहितो. पण गाडी अटलांटाहून निघून कळमनुरीला पोहोचणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

मी २००८ साली निवृत्त झालो आणि २००९ च्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघं लेकीकडे अटलांटाला गेलो. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. शनिवार आला की तो आणि जावई टीव्हीसमोर ठाण मांडून बसायचे. त्यांचं फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. चेंडू बोराच्या आकाराचा, डोक्यावर शिरस्त्राण, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकायचे मार्ग दोन. चेंडू पोटाशी धरून गर्दीतून घुसायचं, नाहीतर लांब फेकायचा आणि कडेने धावत गेलेल्या गड्याने तो झेलायचा. या झेलणाऱ्याला ते रिसीव्हर म्हणतात. आमची सौ. पहिल्या दिवशी म्हणाली, "ही तर नुसती ढकलाढकली." तिचं अगदीच चूक नव्हतं.

नातवाचा संघ जॉर्जिया टेक. तिथले प्रशिक्षक पॉल जॉन्सन आदल्याच वर्षीपासून संघाला खेळवत होते आणि त्यांचा सगळा भर धावण्यावर. चेंडू फेकायचा तो अगदी क्वचित. मग कडेला उभा असलेला तो उंचापुरा झेलणारा करायचा काय? तर दुसऱ्याची वाट मोकळी करून देण्यासाठी समोरच्याला अडवत राहायचा! मी नातवाला विचारलं, "अरे, चांगला झेलणारा पोरगा अशा कॉलेजात येईलच कशाला?" तो म्हणाला, "आजोबा, लोक तेच म्हणतात."

पण त्या संघात डेमॅरियस थॉमस नावाचा एक मुलगा होता. तो आला होता आधीच्या प्रशिक्षकांच्या काळात. नवे आले, खेळ सगळा बदलला, तरी हा राहिला. त्या २००९ च्या मोसमात चौदा सामन्यांत त्याने झेलले फक्त ४६ चेंडू. सामन्याला तीन-साडेतीन. पण त्या ४६ झेलांत ११५४ यार्ड, म्हणजे एका झेलाला पंचवीस यार्ड! नातवाने कागदावर टिंबं काढून मला समजावलं. समोरचा संघ धावणाऱ्याला रोखायला सगळा पुढे गोळा होतो, मागे रान मोकळं पडतं, आणि याच्यावर नजर ठेवायला उरतो एकटा गडी. चेंडू कमी येतात, पण जो येतो तो मोकळ्या रानात येतो. २०१० च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत, बाविसाव्या क्रमांकावर घेतलं.

ती टिंबं पाहताना मला मात्र दुसराच एक मुलगा आठवत होता.

साल १९८६. कळमनुरी तालुक्यातली आमची शाळा. हिंगोली जिल्हा व्हायला अजून तेरा वर्षं होती, तेव्हा सगळं परभणीत. मी मराठीचा मास्तर, पण क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, म्हणून कबड्डी माझ्या गळ्यात. पुस्तक वाचून शिकलो आणि शिकवलं. आमचा संघ पकडीचा. दोन्ही कोपरे असे, की घोटा एकदा हातात आला की सुटत नसे. साखळीही घट्ट. चढाई मात्र यथातथाच. तेव्हा आतासारखा तिसऱ्या चढाईचा 'करो या मरो' नियम नव्हता. दोन गुणांची आघाडी घ्यायची आणि मग निदान रेषा ओलांडून परत यायचं, ओलांडून परत यायचं, वेळ काढायचा. बघणारे शिव्या घालायचे, आम्ही जिंकायचो.

पण जिल्ह्याला जायचं तर एखादा तरी चढाईवाला हवाच. कयाधूपलीकडच्या एका गावात असा पोरगा असल्याचं कळलं. डावखुरा. पाय इतका लांब टाकायचा की समोरच्याला कळायच्या आत बोट लागलेलं असायचं. मी सायकलवर गेलो. बाप सालगडी. ओसरीवर घोंगडी टाकली, चहा आला. मी बोर्डिंगातल्या जागेचं, पुस्तकांचं, दहावीचं सगळं सांगितलं. बाप ऐकत होता, पोरगा दारात उभा होता. त्याने एकच विचारलं,

"सर, मला चढाया किती भेटतेल?"

मी म्हणालो, "तुला पाहिजे तेवढ्या."

मंडळी, ते खोटं होतं आणि बोलतानाच मला ते ठाऊक होतं. मी काही संघाची पद्धत बदलणार नव्हतो.

पोरगा आला. तालुक्याला आम्ही जिंकलो. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्याला त्याचा बाप परभणीपर्यंत आला होता, एसटीने, मालकाकडून उचल घेऊन. आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. मी कडेवरून ओरडत राहिलो, "नुसता जाऊन ये!" तो जाऊन येत राहिला. एकदाही पाय टाकला नाही. माझ्या शब्दाबाहेर गेला नाही, हेच आता जास्त लागतं. आम्ही जिंकलो. बाहेर बाप मला म्हणाला, "मास्तर, पोरगं नुसतंच जाऊन येऊलालं होतं. मला काही समजलं नाही बा." मी त्यांना डावपेच समजावला. ते मान हलवत राहिले.

अंतिम सामना हरलो. दिवाळीला पोरगा गावी गेला तो परत आलाच नाही. मी एकदा सायकल काढली होती, नदीपर्यंत गेलो आणि माघारी वळलो. काय सांगणार होतो त्याला? नववीत शाळा सुटली त्याची. माझ्या नोंदवहीत 'गैरहजर', पुढे नाव कमी.

अटलांटाच्या त्या बैठकीच्या खोलीत तेवीस वर्षांनी मला कळलं, की खरं सांगूनही त्याला आणता आलं असतं. पकडीचा संघ असला की समोरचे चढाईवाले एकेक करून बाहेर बसतात. सातांतले तीन-चारच उरतात. साखळी तुटते, मधलं अंगण उघडं पडतं. आपल्या चढाईवाल्याला याहून चांगली वेळ कोणती? "तुला चढाया थोड्या मिळतील, पण मिळतील तेव्हा समोर अंगण मोकळं असेल, आणि तेव्हा मी तुला अडवणार नाही." एवढं वाक्य मला सुचायला हवं होतं. अर्थात नुसतं सुचून भागलं नसतं. त्या दिवशी परभणीत, समोर तिघंच उभे असताना, मला ओरडायचं थांबायलाही हवं होतं. आमचे कोपरे चांगले होते, ती आघाडी गेली तरी त्यांनी परत आणली असती. पण मला जिंकायची घाई, आणि मुख्याध्यापकांपुढे ढाल ठेवायची हौस.

थॉमस पुढे डेन्व्हरकडून सुपर बोल जिंकला आणि २०२१ च्या डिसेंबरात वारला. वय अवघं तेहतीस. नातवाने रात्री फोन करून सांगितलं. सौ.ला नाव आठवलं नाही, "तो टिंबांवाला का?" म्हणाली.

आणि आता मागच्या महिन्यातली गोष्ट. हिंगोलीच्या बसस्थानकावर एकाने वाकून नमस्कार केला. केस पिकलेले, हातांना हळदीचा पिवळा रंग. मी ओळखलं ते त्याच्या उभं राहण्यावरून, डावा पाय किंचित पुढे. तीन एकर हळद आहे, थोरली लेक परिचारिका, धाकटा मुलगा अकरावीत. तो कबड्डी खेळतो. चढाई, डावखुराच. बाहेरच्या एका कॉलेजातले प्रशिक्षक घरी येऊन गेले, राहणं-जेवण फुकट म्हणाले. "सर, तुम्ही बोला की त्यांच्याशी एकदा. आपल्याला त्यातलं काय विचारावं कळत नाही."

मला वाटलं होतं तो जुनं काही काढेल. त्याने काढलं नाही. मीच म्हणालो, "परभणीला मी तुला अडवलं रे." तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या सर, लई दिवस झाले." मग त्याची बस लागली.

काल त्या प्रशिक्षकांना फोन लावला. भले गृहस्थ वाटले. वसतिगृह, खुराक, मॅटवरचा सराव, सगळं उत्साहाने सांगत होते. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पोराला चढाया किती मिळतील?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, खरं सांगू का? पहिल्या वर्षी फार नाही."

मी पोराच्या बापाला लगेच फोन करून कळवलं.