हरकत लिहिताना

दहावीच्या मराठीत वैचारिक लेखनाचा पर्याय असतो. विषय मोबाइल असो नाहीतर प्लास्टिक, साचा ठरलेला: आधी फायदे, मग तोटे, शेवटी ‘अति तिथे माती’. तपासणाऱ्याला बरं पडतं, पण या लिखाणात कुणी कुणाला काही पटवतच नसतं. हीच मुलं मैदानात रनआउटवरून भांडताना साक्षीदार उभे करतात, मागच्या सामन्याचा दाखला देतात, समोरच्याचं बोलणं त्याच्यावरच उलटवतात. वहीपुढे बसली की गप्प.

म्हणून डहाणू-तलासरीकडच्या मुलांना युक्तिवाद शिकवताना मी वनहक्काच्या दाव्यापासून सुरुवात करते. चिपळूणकर-आगरकर नंतर येतात. वर्गातल्या अनेक वारली मुलांच्या घरी त्या दाव्याची फाइल जपून ठेवलेली असते. २००६चा वनहक्क कायदा म्हणतो, जमीन १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताब्यात होती हे दाखवा. कशानं दाखवायचं, तेही नियमांत आहे: सरकारी कागद, घर, बांधबंदिस्ती, विहीर, दफनाची जागा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब. एका पुराव्यावर भागत नाही. आणि जबाब देणारा दावेदार स्वतः असून चालत नाही. ही अट मुलांना फार आवडते, कारण रनआउटचा नियमही तोच आहे.

मी विचारते, ‘आमचा बांध जुना आहे’ एवढ्यावर दावा तपासणारी समिती मानेल का? नाही. मग बांधावरच्या झाडाचा घेर येतो, बांध कुणी घातला ते येतं, घालताना कुणी पाहिलं ते येतं. तरी एक पायरी राहतेच. बांध जुना असला म्हणून कसणारे तुम्हीच, हे कशावरून? तो सांधा लिहूनच दाखवावा लागतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली पुस्तक लिहून दावा, पुरावा आणि त्यांना जोडणारा आधार अशी फोड केली. भारतीय न्यायदर्शनातल्या अनुमानाच्या पाच अवयवांत तिचे बरेचसे धागे आधीपासून आहेत. मुलांना यातलं एकही नाव सांगावं लागत नाही.

पुढचा धडा अवघड. तो डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचा.

२० जून १९९१च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. ऑक्टोबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याचं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. १९९८मध्ये या प्राधिकरणानं वाढवणच्या बंदराला नकार दिला. ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणानं, वेगळ्या अध्यक्षांच्या काळात आणि नव्या प्रस्तावावर, अटी घालून ना-हरकत दिली. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. युक्तिवाद शिकवणाऱ्याला याहून चांगला पाठ कुठल्या पुस्तकात मिळणार? जागा तीच, अधिसूचनेचा आधार तोच, उत्तरं दोन. मधे काय बदललं, एवढाच प्रश्न मी देते.

या धड्यात मी घोषणा बाद करते, दोन्हीकडच्या. ‘१०-१२ लाख रोजगार’ असं लिहिलं, तर प्रत्यक्ष किती, अप्रत्यक्ष किती, आयटीआय झालेल्याला किती आणि दहावी नापासाला किती, हे विचारायचं. ‘मासेमारी संपेल’ असं लिहिलं, तर कुठली, किती वावातली, कुठल्या महिन्यातली, हेही विचारायचं. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली मुलं इथे हमखास अडखळतात. हातवारे कागदावर उतरत नाहीत.

मग विरुद्ध बाजू लिहायची. तीही अशी, की त्या बाजूच्या माणसानं वाचून ‘हो, आमचं म्हणणं हेच’ म्हणावं. याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणत आणि तो कच्चा मांडणं हा कमीपणा मानला जाई. धाकटी डहाणूची एक मुलगी, घरी बोट असलेली, बंदराच्या बाजूनं दीड पान लिहून आली आणि म्हणाली, “बाई, हे घरी नाही हां दाखवणार.” पान उत्तम होतं. तिच्या भावाला बारावीनंतर काम नव्हतं, ते तिनं कुठेही न रडता लिहिलं होतं. ‘शाळेत राजकारण कशाला’ असं काही पालक म्हणतात. त्यांना मी दोन्ही बाजूंच्या वह्या दाखवते. माझं स्वतःचं मत मात्र वर्गात सांगत नाही. मुलं खोदून खोदून विचारतात.

शेवटचं काम एका वाक्याचं असतं: काय दाखवलं तर तुझं मत बदलेल? बोर्डाच्या गुणदानात याला जागा नाही, तरी मला सगळ्या वहीत तेच आधी वाचावंसं वाटतं. ‘काहीही दाखवलं तरी नाही’ असं लिहिणारे दरवर्षी निघतात, त्यांची वही परत जाते. त्या मुलीनं मूळची, विरोधाचीच बाजू धरून लिहिलं होतं: ‘बंदर झाल्यावर आमची बोट कुठून जाणार आणि जाळं कुठे टाकणार, याचा नकाशा सहीशिक्क्यानिशी दिला तर विचार करीन.’ ‘विचार करीन’च्या खाली तिनं स्वतःच दोन रेघा ओढल्या होत्या.