उद्याविषयी बोलताना



मराठीत ‘कर’ या धातूला प्रत्यय लागून ‘करीन’, ‘करशील’, ‘करील’ अशी भविष्यकाळाची रूपे सिद्ध होतात. इंग्रजीत भूतकाळासाठी ‘वर्क’चे ‘वर्क्ड’ होते. भविष्यकाळासाठी मात्र क्रियापदाचे असे स्वतंत्र रूप नाही. तिथे दुसरे शब्द मदतीला घ्यावे लागतात. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे, ‘शॅल’चा देणे लागणे, आणि ‘गोइंग टु’मध्ये तर जाणेच आहे. इच्छा, ऋण आणि वाटचाल यांतून एका भाषेने आपला उद्या उभा केला, याचे मला आजही नवल वाटते.

शाळेत आपण ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’, इतरत्र ‘विल’ एवढेच पाठ केले. जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या लॅटिनमधील इंग्रजी व्याकरणात हा भेद मांडलेला आहे. आजच्या बोलण्यात तो फारसा उरलेला नाही. आज महत्त्वाचा आहे तो वेगळाच भेद: बोलणाऱ्याचे मन त्या घटनेविषयी कुठवर पोहोचले आहे?

दारावरची घंटा वाजताच ‘मी उघडतो’ म्हणताना निर्णय त्या क्षणी होतो. तिथे ‘विल’ येते. निश्चय आधीच झाला असेल, तर ‘गोइंग टु’. आपले ‘करणार आहे’ त्याच्या जवळचे. आभाळ भरून आलेले पाहून ‘पाऊस पडणार’ म्हणतो, तिथेही इंग्रजीत बहुधा ‘गोइंग टु’च येते, कारण खूण डोळ्यांसमोर असते. वेळ ठरली, दुसऱ्याला कळवली, की चालू वर्तमानकाळ: ‘आय अ‍ॅम मीटिंग हिम टुमॉरो’. गाडीच्या वेळापत्रकाला तर साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘गाडी उद्या सातला सुटते’ असे आपणही म्हणतोच. आपण आणखी पुढे जातो. घरातून पाऊल न टाकताच ‘आलोच’ म्हणतो आणि भूतकाळाच्या रूपाने भविष्याची हमी देतो.

एका संपर्क सत्रात मी सर्वांना पुढील वर्षाविषयी एक इंग्रजी वाक्य लिहायला सांगितले. अंगणवाडीत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘आय विल कम्प्लीट माय बी.ए.’ वाक्य निर्दोष होते. तरी मी विचारले, “हा निर्णय आत्ताचा की आधीचा?” त्या म्हणाल्या, “सर, तीन वर्षांपूर्वीचा. सासूबाईंना सांगूनच प्रवेश घेतला.” मग त्यांनी ‘विल’ खोडून ‘अ‍ॅम गोइंग टु’ लिहिले आणि ते वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले.

संसार आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा उद्या पुष्कळदा दुसऱ्यांच्या सोयीवर अवलंबून असतो. म्हणून त्याविषयी बोलताना आपण नकळत ‘बघू’, ‘जमलं तर’ म्हणतो. इंग्रजीतील हे पर्याय आपल्याला थांबवून विचारतात: हे तुम्ही ठरवले आहे की केवळ इच्छिले आहे?

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी स्वतःच्या येत्या वर्षाविषयी पाच इंग्रजी वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यातील रूप तुम्ही का निवडले, ते त्याखाली मराठीत नोंदवा.